ओळख पटलेला देवमासा

जुन्नर तालुक्यात बिबट्याचा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पिंपरी पेंढार, काळवाडी, उंब्रजच्या शिवारात रात्रीची लाइट आली की माणसं बॅटरी घेऊन, दोघं-तिघं मिळून मोटर सुरू करायला जातात. २०२४ साली याच पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं दगावली. पण याच जुन्नरनं वन्यजीवशास्त्राला एक मोठा धडा दिला, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. २००१ नंतर इथले बिबटे मोठ्या संख्येनं पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभागाबरोबर काम करताना पकडलेल्या बिबट्यांना चिप बसवल्या. त्यातले काही पुन्हा पिंजऱ्यात आले, तेव्हा हे तेच जनावर, हे कळायला मार्ग राहिला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की हे स्थलांतर सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतर ते सतरावर गेले.

चिप आणि हल्ल्यांच्या जुन्या नोंदी नसत्या, तर ‘लांब सोडला म्हणजे प्रश्न मिटला’ हा समज तसाच राहिला असता. एकेका जनावराची ओळख पटल्याशिवाय त्याच्याविषयीचा निर्णय अंदाजानंच घ्यावा लागतो. समुद्रात तर ही अडचण कितीतरी पटींनी मोठी, कारण तिथला प्राणी दिसतो तोच दोन-तीन सेकंद. तिथे पिंजरा लावता येत नाही आणि झाडाला कॅमेराही बांधता येत नाही. पण रोज समुद्रात जाणारी पर्यटकांची होडी असते, आणि माझ्या मते तिचं खरं मोल तिकिटाच्या पैशांहून अधिक आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनला १९७५ साली अ‍ॅल अवेलार या कप्तानानं देवमासे दाखवायच्या फेऱ्या सुरू केल्या आणि चार्ल्स मेयो या शास्त्रज्ञाला होडीवर सोबत घेतलं. पर्यटकांना माहिती सांगायची आणि त्याच फेरीत नोंदी करायच्या, असा साधा व्यवहार. तिथल्या हंपबॅक जातीच्या एका देवमासा-मादीच्या पाठीवरच्या परावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग होते, म्हणून तिचं नाव ‘सॉल्ट’ पडलं. पुढची कित्येक दशकं ती दिसत राहिली. तिची पिल्लं, नातवंडं ओळखीची झाली. हिवाळ्यात ती डॉमिनिकन रिपब्लिकजवळच्या उबदार पाण्यात आढळली, तेव्हा उत्तरेत खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होणारे देवमासे विणीसाठी कुठे जातात, याचा पुरावा हाती आला.

हंपबॅक खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. त्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी आणि मागच्या कडेचे दाते प्रत्येक प्राण्याचे वेगळे असतात. म्हणजे एक बरा फोटो मिळाला की ओळख पटली. २०१५ साली सुरू झालेल्या ‘हॅपीव्हेल’ या प्रकल्पात पर्यटक आणि संशोधक असे फोटो पाठवतात, आणि संगणक ते जुन्या फोटोंशी ताडून पाहतो. २०२४ साली या फोटोंच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं उत्तर पॅसिफिकमधली हंपबॅकची संख्या २०१२ ते २०२१ या काळात सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं. समुद्र तापल्याच्या काळातली ही घट आहे. सहलीला गेलेल्या हजारो माणसांनी हौसेनं काढलेले फोटो नसते, तर एवढ्या मोठ्या महासागरातली ही घट मोजायला किती जहाजं आणि किती वर्षं लागली असती, याचा विचार करावा.

आपल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅकची गोष्ट याहून नाजूक आहे. जगभरचे हंपबॅक दर वर्षी थंड आणि उबदार पाण्यात ये-जा करतात; हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात आणि सुमारे सत्तर हजार वर्षं इतरांपासून वेगळे पडलेले आहेत. १९६५-६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर त्यांतले २४२ मारले. आज ओमानच्या बाजूला त्यांची संख्या शंभराच्या आत मानली जाते. २०१७ साली ओमानमध्ये उपग्रह टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून दक्षिणेला गेली. म्हणजे हे देवमासे आपलेही आहेत.

कोकणात देवमाशांच्या फेऱ्या नाहीत, डॉल्फिनच्या आहेत. दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्याही तारकर्ली-देवबाग, दापोली-मुरूडकडे निघतात, आणि पहाटेची डॉल्फिन फेरी हा त्या सहलीचा हमखास भाग असतो. दिसतो तो हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर असलेला. खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यात तो राहतो. म्हणूनच जाळी, बंदरं, सांडपाणी आणि होड्या या सगळ्यांशी त्याची रोजची गाठ पडते. तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आहे. त्याच्या परावरच्या खाचा, ओरखडे, जाळ्याच्या दोरानं पडलेले व्रण हीच त्याची ओळख. कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या संशोधकांनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर या डॉल्फिनचा अभ्यास केला, त्यांच्या शिट्ट्याही ध्वनिमुद्रित केल्या. त्याच गटाला २०१५ साली कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले, सोबत पिल्लूही होतं. एरवी आपल्याला निळा देवमासा भेटतो तो किनाऱ्याला लागल्यावर: २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला, २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला.

पर्यटन आलं की संवर्धन आपोआप होतं, असं मात्र मुळीच नाही. श्रीलंकेत मिरिसाला निळ्या देवमाशांमागे होड्यांची जी झुंबड उडाली, ती पाहून तिथल्याच संशोधकांनी धोक्याची घंटा वाजवली. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये डॉल्फिनच्या फेऱ्या नेणारे व्यावसायिक एकाचे दोन झाले, तेव्हा त्या भागातली डॉल्फिनची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली. २००६ साली लार्स बायडर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं, आणि सरकारनं दुसरा परवाना बंद केला. तिथे एकेक डॉल्फिन वर्षानुवर्षं ओळखीचा होता, म्हणून ही घट दिसली. आपल्याकडे ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशा बोलीवर फेरी ठरते, तेव्हा चालक इंजिनाचा आवाज वाढवून कळपात घुसतो; त्यात त्याच्यापेक्षा आपला हट्ट जास्त दोषी आहे. डॉल्फिन आवाजाच्या आधारावर मासे शोधतो, पिल्लाशी बोलतो. त्याच्या डोक्यावर चार इंजिनं घोंगावली की त्याचं खाणं थांबतं. समोरून आडवं न जाता बाजूनं, समांतर, संथ चालावं, पन्नास मीटर अंतर ठेवावं, पिल्लू दिसलं तर मागे फिरावं, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

पर्यटन आणि संवर्धन यांची सांगड कोकणात जमेल का, याचं उत्तर वेळासला मिळतं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर कासवांची अंडी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रह टॅग लावला गेला. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच. मच्छीमारांच्या बाबतीतही सरकारनं २०१८ च्या डिसेंबरपासून चांगला पायंडा पाडला आहे: जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो दिला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्या फोटोंतून कोणता प्राणी कुठे, कधी अडकतो, हेही कळत जातं.

डॉल्फिन फेरीच्या होडीवरही अशाच नोंदी हव्यात. त्यासाठी ठेवायचं ते एवढंच: एक वही. तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, जागा, किती डॉल्फिन, पिल्लं किती, आजूबाजूला किती होड्या, आणि परांचे फोटो. पर कॅमेऱ्याला आडवा दिसला पाहिजे, ऊन आपल्या पाठीशी हवं. पोहणाऱ्या डॉल्फिनची सुंदर उडी शास्त्रज्ञाच्या फारशी कामाची नसते. आणि ज्या दिवशी काहीच दिसलं नाही, त्या दिवशीही पान भरायचं, शून्य लिहायचं. पर्यटकाला ती फेरी फुकट गेल्यासारखी वाटते. पण मागच्या वर्षी शंभर फेऱ्यांत दहा शून्यं होती आणि यंदा चाळीस आहेत, हे ज्या वहीत दिसेल, तिथूनच डॉल्फिन कमी होताहेत की जागा बदलताहेत, हा प्रश्न नीट विचारता येईल.