सांताक्रूझला ९४४, कुलाब्याला ७३

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे चौरस किलोमीटरमागे ९४ कोटी लिटरहून जास्त पाणी. त्याच मुंबईत, काही स्टेशनं दक्षिणेला, कुलाब्यात मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर.

हा पाऊस घडतो तो ढगातल्या जलकणांतून. एका कणाचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तो सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येतो, आणि वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. असे दहा लाख कण एकवटले की दोन मिलिमीटरचा थेंब होतो. व्यास शंभरपट वाढतो, वेग मात्र पाचशेपटीहून अधिक. सेकंदाला सहा-साडेसहा मीटर. आता हवेला तो पेलवत नाही. पाणी तेच, फक्त आकार बदलला आणि तरंगणं संपून कोसळणं सुरू झालं.

आता देशाएवढं मागे सरकून पाहा. जून ते सप्टेंबर भारतावर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, सुमारे २,८०० घन किलोमीटर पाणी! कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यात एका दिवशी तेरापट फरक पडू शकतो. हा प्रचंड साठा मात्र बहुतेक वर्षी सरासरीच्या दहा टक्के आतबाहेरच राहतो.

एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवलं की सुरुवातीचा नगण्य फरकही वाढत वाढत सगळा अंदाज उधळून लावतो. म्हणूनच रोजच्या हवामानाचा भरवसा दोनेक आठवड्यांपलीकडे धरता येत नाही. मग चार महिन्यांचा अंदाज कशाच्या बळावर? १९८१ मध्ये ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी मांडलं की उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी बऱ्याच अंशी समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर ठरते. रोजचे ढग लहरी असले तरी समुद्र आपलं तापमान हळूहळू बदलतो.

‘यंदा सरासरीइतका पाऊस’ या मथळ्याबद्दल माझी तक्रार इथेच आहे. तो देशाचा आकडा असतो, आणि वाचला जातो तालुक्याचा म्हणून. मृगात दोन सरी येतात, पेरण्या उरकतात, मग पाऊस तीन आठवडे ओढ देतो. ऑगस्टातली अतिवृष्टी सगळी तूट भरून काढते आणि सप्टेंबरअखेर तालुक्याचीसुद्धा बेरीज शंभर टक्के येते. तोवर सोयाबीनची दुबार पेरणी होऊन गेलेली असते, बियाणं दुसऱ्यांदा उधारीवर आणून.