न दिसणाऱ्या नासपतीचा माग

नासपतीचे फळ देठाकडे निमुळते व तळाशी फुगीर असते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु रेडियम-२२४ या अणूचे केंद्रही नासपतीच्याच आकाराचे आहे, असे २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा साहजिकच प्रश्न पडला : हे पाहिले कोणी? उत्तर असे की, कोणीच नाही. अणुकेंद्राचा पसारा इतका सूक्ष्म की कोणत्याही सूक्ष्मदर्शकाची दृष्टी तेथवर पोहोचत नाही. मग आकार कळला कसा?

त्यासाठी जी युक्ती योजितात तिला ‘कूलंब उत्तेजन’ म्हणतात. विद्युतभारांच्या आकर्षण-प्रतिकर्षणाचा नियम सांगणाऱ्या अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञाचे हे नाव. अणुकेंद्रे सारी धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारी. त्वरकयंत्रातून अणुकेंद्रांची वेगवान शलाका दुसऱ्या धातूच्या पातळ पत्र्यावर सोडावयाची. पण वेग असा बेताचा ठेवावयाचा की, दोन केंद्रे जवळ यावीत आणि न शिवता परतावीत. शिवाशीव झाली की केंद्रातील प्रबळ बले मध्ये पडतात आणि हिशोब विस्कटतो. म्हणून दोन्ही पृष्ठभागांत निदान पाच फेम्टोमीटर अंतर राखावे, असा संकेत आहे. एका मीटरचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर!

या ओझरत्या भेटीत बदलत्या विद्युतक्षेत्राचा हिसका बसून केंद्र उत्तेजित होते, आणि पुन्हा शांत होताना गॅमा किरण सोडते. जर्मेनियमचे शोधक हे किरण मोजतात. हाती येते ती एवढीच मोजदाद : अमुक ऊर्जेचे किरण इतके, तमुक ऊर्जेचे तितके. आकाराविषयीचे सारे ज्ञान या आकड्यांतूनच उकलून काढावयाचे असते.

येथे खरी अडचण सुरू होते. आम्हां शिक्षकांना ती चटकन उमजेल. मुलाला काय येते हे ठाऊक असेल, तर त्याला किती गुण पडतील याचा अंदाज बांधता येतो. परंतु केवळ एकूण गुण कळले, तर कोणता प्रश्न सुटला आणि कोणता चुकला हे कसे सांगणार? साठ गुण कितीतरी वाटांनी मिळू शकतात. अणुकेंद्राचेही तसेच. केंद्राच्या पातळ्यांमधील संक्रमणांची ताकद दाखविणारे शेकडो आकडे असू शकतात, आणि वेगवेगळ्या आकड्यांचे संच जवळपास सारखीच मोजदाद देऊ शकतात.

विंथर आणि डी बोअर यांची १९६० नंतरच्या दशकातील संगणक-आज्ञावली सुलट गणित करी : संक्रमणांचे आकडे द्या, उत्तेजन किती होईल ते घ्या. उलट गणितासाठी १९८० साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात टोमाश चोस्निका, डग्लस क्लाइन व चिंग-येन वू यांनी नवी आज्ञावली रचली. तिचे नाव ‘गोशा’. पोलिश भाषेत माल्गोझाता या नावाचे हे घरगुती, लाडके रूप. आपल्याकडे मालतीची मालू व्हावी तसे. रूक्ष गणिताला असे नाव असावे, याची मला मोठी गंमत वाटते.

गोशाची रीत काटकसरी गृहिणीची आहे. संपूर्ण गणित वेळखाऊ, म्हणून शोधाच्या प्रत्येक पावलाला ती चटकन होणारे स्थूल गणित वापरते. स्थूल आणि संपूर्ण गणितांतील तफावत मधूनमधून ताडून पाहते आणि तेवढी दुरुस्ती करून पुढे जाते. गणित व मोजदाद यांचा मेळ बसेपर्यंत हे चालते. प्रयोगापूर्वीही तिचा उपयोग होतो. त्वरकावर एखाद्या गटाला जेमतेम काही दिवस मिळतात. कोणत्या धातूचा पत्रा घ्यावा, शलाकेची ऊर्जा किती असावी, शोधक कोठे ठेवावेत, मिळणारे किरण निष्कर्षाला पुरतील की नाही, हे आधीच ताडून पाहिले नाही, तर ते मोलाचे दिवस वाया जातात.

रेडियम-२२४ चा प्रयोग जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेच्या ‘आयसोल्ड’ विभागात झाला. हे रेडियम सुमारे साडेतीन दिवसांत निम्मे होते, म्हणून त्याचीच शलाका करून ती निकेल, कॅडमियम व कथील यांच्या पत्र्यांवर सोडली. धातू बदलला की हिसक्याचा जोर बदलतो. एकाच मुलाला निरनिराळे प्रश्न घालून पाहण्यासारखेच हे. आपल्या देशातही दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात कथिलाच्या समस्थानिकांवर कूलंब उत्तेजनाचे प्रयोग झाले आहेत.

या आकाराचे एवढे अगत्य का? विश्वात प्रतिद्रव्य जवळजवळ नाही आणि द्रव्य मात्र उरले आहे, याचे कारण शोधणारे शास्त्रज्ञ अणूच्या अंगी अतिसूक्ष्म विद्युत-द्विध्रुव आहे काय, हे तपासत आहेत. केंद्र नासपतीसारखे असेल, तर हा परिणाम अनेक पटींनी वाढून दिसावा. उद्या आकाराचे अनुमान चुकीचे ठरले, तर भलत्याच अणूवर कित्येकांची वर्षे खर्ची पडतील.

म्हणूनच गोशाचा मला सर्वांत भावणारा गुण हा की, ती उत्तराबरोबर त्याची अनिश्चितताही काढते. एक आकडा थोडा हलविला तर बाकीचे किती सरकून त्याला सांभाळून घेतात, हेही ती हिशोबात धरते. त्याच २०१३ च्या अभ्यासात रेडॉन-२२० हे केंद्र कायमचे नासपती नसून तसा आकार घेत-सोडत कंप पावणारे ठरले. २०१६ साली अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेतून बेरियम-१४४ चा निष्कर्ष आला. नासपतीपणाची ताकद ४८ एकके, अपेक्षेहून बरीच मोठी. पण त्या आकड्यालगतच छापले होते : वर २५, खाली ३४. म्हणजे ती ७३ असू शकेल, तशीच १४ सुद्धा.