हातोडा मारणाऱ्याची अक्कल

"हातोडा मारायला अक्कल कशाला लागते?" काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या पगारवाटाघाटीत मालकपक्षाने आम्हांस असे विचारले होते. ठोकाठोकी करणाऱ्या कामगारांना 'अकुशल' श्रेणीत ढकलायचे होते. त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. श्रेणी गेली ती गेलीच. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पुराश्मयुगातली हातकुऱ्हाड पाहिली, आणि उत्तर सापडले.

हातकुऱ्हाड म्हणजे बिनदांड्याची दगडी कुऱ्हाड. आकार बदामासारखा, एक टोक निमुळते, दोन्ही कडांना धार. जनावर सोलावे, लाकूड तासावे, कंद उकरावेत, सारे तिनेच. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी नाल्यावर गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले, तेथे ही हत्यारे मिळाली.

नदीतला गोटा सर्वांगी गुळगुळीत असतो. हातकुऱ्हाडीवर मात्र दोन्ही अंगांनी छिलके काढल्याचे, शिंपल्यासारखे उथळ खळगे दिसतात. ते पडतात कसे पाहा. आधी दगड पारखायचा. काळा दगड आपल्या खानदेशात पायलीला पन्नास; परंतु सच्छिद्र दगड कामाचा नाही, घट्टच हवा. मग दुसऱ्या दगडाने कडेवर तिरपा घाव घालायचा. कडेचा कोन काटकोनाहून लहान नसेल, तर छिलका सुटत नाही. एक सुटला की दगड उलटायचा आणि त्या खळग्याच्याच काठावर पुढचा घाव. एक घाव चुकला की टोक तुटते, सगळी मेहनत वाया. हल्लीच्या संशोधकांनी हे काम शिकायला घेतले, तेव्हा हात बसायला त्यांचे महिनेच्या महिने गेले. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईला याचे नवल वाटणार नाही.

हे कारागीर आपल्या जातीचे मानवही नव्हते. केनियातील तुर्काना सरोवराजवळच्या हातकुऱ्हाडी सुमारे साडेसतरा लाख वर्षांच्या, तमिळनाडूत अत्तिरमपाक्कमच्या सुमारे पंधरा लाखांच्या. त्या काळच्या, ताठ चालणाऱ्या मानवाला 'होमो इरेक्टस' म्हणतात. सातपुड्यापलीकडे नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, त्याच थरात हातकुऱ्हाडीही होत्या. शाळा नाही, अक्षर नाही, तरी हा घाट लाखो वर्षे टिकला. कोणी तरी दाखवीत होते, कोणी तरी पाहत होते. आम्ही यंत्रावर असेच शिकलो.

आपल्या जातीचा मानव खानदेशात दिसतो तो चाळीसगावजवळ पाटण्यास. तेथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. तोवर हातकुऱ्हाडी केव्हाच मागे पडल्या होत्या. नखाएवढ्या कवचाला, ते न फोडता, आरपार भोक पाडलेले आहे.