अमेरिकन ‘कंट्री’ संगीताची नियतकालिके : गुणवत्तेच्या पालटाची मीमांसा

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गोऱ्या श्रमिकांच्या गाण्यांतून, परंतु कृष्णवर्णीयांच्या गायन-वादन परंपरेचेही ऋण घेऊन, जे संगीत १९२० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात आले, ते पुढे ‘कंट्री’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या संगीताला वाहिलेल्या नियतकालिकांविषयी, ‘पूर्वी ती चांगली होती, पुढे त्यांचा दर्जा खालावला’, असे विधान पुष्कळदा केले जाते. हे विधान अंशतःच खरे आहे. नियतकालिकाची गुणवत्ता ही एकजिनसी वस्तू नव्हे. माहितीची अचूकता, समीक्षेचे स्वातंत्र्य आणि वाचकाशी जवळीक ही तिची तीन निरनिराळी अंगे होत. त्यांपैकी कोणते अंग बळावेल, हे बहुधा नियतकालिकाचा खर्च कोण सोसतो यावरून ठरते.

प्रारंभी या संगीताची नोंद व्यापारी पत्रांतच होत असे. ‘बिलबोर्ड’ने १९४४ साली त्याची स्वतंत्र लोकप्रियता-सूची ‘फोक’ या सदराखाली सुरू केली आणि १९४९ साली ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव स्वीकारले. ज्या संगीताला ‘हिलबिली’ म्हणून हिणविले जात होते, त्याला यामुळे काहीशी प्रतिष्ठा लाभली. त्याच वर्षी चार्ल्टन या प्रकाशनसंस्थेचे ‘कंट्री साँग राउंडअप’ निघाले. गाण्यांचे शब्द छापणे हे त्याचे मुख्य कार्य होते. १९६३ साली नॅशव्हिल येथे ‘म्युझिक सिटी न्यूज’ची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत फॅरन यंग हा नामांकित गायक होता. अशा पत्राला व्यवसायाच्या अंतःपुरातील वार्ता सहज मिळत. मात्र त्याच व्यवसायावर परखड टीका करणे त्याला तितकेच अवघड होते.

याच सुमारास एक अगदी वेगळा प्रवाह उगम पावला. जॉन एडवर्ड्स या ऑस्ट्रेलियन संग्राहकाने अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता तेथील जुन्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह केला होता. १९६० साली तो अपघातात मरण पावला. संग्रहाचा उपयोग गंभीर अभ्यासासाठी व्हावा, ही त्याची इच्छा होती. त्यातून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एक प्रतिष्ठान उभे राहिले. त्याचे वार्तापत्र १९६५ पासून निघू लागले व १९६९ मध्ये त्याचे ‘जे. ई. एम. एफ. क्वार्टर्ली’ झाले. ध्वनिमुद्रिकांच्या तपशीलवार सूची आणि वृद्ध कलावंतांच्या मुलाखती ही त्याची खरी संपत्ती होय. १९६५ सालीच ‘जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोअर’ने या संगीतावर विशेषांक काढला आणि त्यात आर्ची ग्रीन यांनी ‘हिलबिली’ या संज्ञेची चिकित्सा केली. १९६६ साली वॉशिंग्टन परिसरात निघालेले ‘ब्लूग्रास अनलिमिटेड’ हे आरंभी केवळ चक्रमुद्रित पत्रक होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की छपाईची शोभा आणि मजकुराचे मोल यांचा अन्योन्य संबंध असतोच असे नाही.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कमधून निघू लागलेल्या ‘कंट्री म्युझिक’ मासिकाने या दोन प्रवाहांमधील जागा व्यापली. दीर्घ व्यक्तिलेख आणि स्वतंत्र परीक्षणे सामान्य वाचकापर्यंत नेण्याचा त्याचा प्रयत्न होता. पुढे १९९४ साली ‘नॅशनल एन्क्वायरर’च्या प्रकाशकांनी ‘कंट्री वीकली’ सुरू केले, तेव्हा गायकाच्या कलेइतकेच, किंबहुना अधिक, त्याचे खाजगी जीवन वाचनाचा विषय बनले. उलट, १९९५ साली सिएटल येथे ग्रँट आल्डेन व पीटर ब्लॅकस्टॉक यांनी काढलेल्या ‘नो डिप्रेशन’ने बाजारपेठेच्या कडेला असलेल्या कलावंतांवर विस्तृत लेखन केले. परंतु त्याचा आधार ध्वनिमुद्रण संस्थांच्या जाहिराती हाच होता. ध्वनिमुद्रिकांची विक्री घसरताच जाहिराती आटल्या आणि २००८ साली त्याचे मुद्रण थांबले. २०१५ मध्ये ते जाहिरातविरहित त्रैमासिकाच्या रूपाने पुन्हा अवतरले. दरम्यान ‘कंट्री म्युझिक’ २००३ साली, नॅशव्हिलचे ‘जर्नल ऑफ कंट्री म्युझिक’ २००७ साली आणि ‘कंट्री वीकली’ २०१६ साली बंद पडले. म्हणजेच सवंग पत्रे तगली आणि गंभीर पत्रे बुडाली, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

संशोधकाच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध महत्त्वाचा आहे. ज्या संगीताचे अनेक कलावंत स्वतःविषयी फारसे लिहून ठेवीत नाहीत, त्याचा लेखी पुरावा बव्हंशी अशा नियतकालिकांतच सापडतो. साथीदार वादकाचे नाव एकदा नोंदले गेले नाही, तर ते पुढे मिळणे कठीण होते. विद्वत्पत्रिकेतून तारखा आणि नावे मिळतील. परंतु श्रोत्याला काय आवडत होते, तो काय विकत घेत होता आणि कलावंताकडून कोणत्या वर्तनाची अपेक्षा करीत होता, हे रसिकांच्या साध्या पत्रांतील पत्रव्यवहारावरून व जाहिरातींवरूनच उमगेल. म्हणून ग्रंथालयांनी केवळ पहिल्या प्रकारची नियतकालिके जतन करणे म्हणजे अर्धाच पुरावा राखणे होय.