मीठ पाणी ओढत नाही

वारज्यातल्या माळवाडीच्या शाळेत जा की पॉप्युलरनगरजवळच्या ज्युनिअर कॉलेजात, परासरणाचा प्रयोग चालू असताना एकच प्रश्न विचारून पाहा : पेशीतलं पाणी बाहेर का आलं? उत्तर ठरलेलं असतं. ‘मिठानं ओढून घेतलं.’ आठवीचा मुलगा हे सांगतो, बारावीच्या तोंडी परीक्षेला बसलेली मुलगीही हेच सांगते. काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटलं की घरातही हेच म्हणतात. घरात म्हटलं तर बिघडत नाही. पण प्रयोगशाळेत हे उत्तर बरोबर धरून गुण दिले जातात, तेव्हा राग येतो. कारण ते उत्तर खोटं पाडणारा पुरावा त्याच टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली पडलेला असतो.

गैरसमज : मीठ पाण्याला ओढतं, म्हणून परासरण होतं.

वस्तुस्थिती : परासरण घडतं ते पटलामुळे. पाण्याला जाऊ देणारं आणि मिठाला अडवणारं निवडक्षम पारपटल मध्ये नसेल, तर कितीही मीठ घाला, परासरण होणार नाही.

रिओचं पान घ्या. वरून हिरवं, खालून जांभळं असं हे झाड सोसायट्यांच्या बागांत कडेनं लावलेलं असतं. खालच्या बाजूची पातळ साल काढून काचपट्टीवर पाण्यात ठेवली, तर प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसते. तो रंग रिक्तिकेतल्या रसाचा. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या संहत द्रावणाचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेनं टिपकागदानं पाणी टिपून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटू लागतो. आधी कोपरे मोकळे होतात, मग उरलेला गोळा आणखी गडद होत मध्यावर आकसतो. हा रससंकोच. द्रावण काढून पुन्हा साधं पाणी सोडलं, की पेशी बहुधा परत भरते.

इथपर्यंतचा प्रयोग सगळेच करतात. पुढचा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. त्याच पानाच्या सालीचा दुसरा तुकडा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरा आणि मग त्याच मिठाच्या द्रावणात ठेवा. पेशीभित्तिका आहे, पाणी आहे, मीठही तितकंच आहे. तरी रससंकोच होत नाही. रंग मात्र पेशींतून गळून जातो. उकळल्यानं नेमकी एकच कामाची गोष्ट नष्ट झाली, ती म्हणजे पटलाची निवड करण्याची शक्ती. मीठ पाणी ओढत असतं, तर ते इथेही ओढलं असतं.

मीठ आणि पाण्याचे रेणू एकमेकांकडे आकर्षित होतात, हे कोणी नाकारत नाही. पण परासरणाचा दाब त्या आकर्षणावर ठरत नाही. याकोबस व्हान्ट हॉफ यांनी १८८७ साली मांडलं, की विरल द्रावणात हा दाब द्राव्याच्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या जातीवर नाही. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली त्यांनाच मिळालं. म्हणूनच साखरेचे आणि मिठाचे सारखेच रेणू विरघळवले, तर मिठाचा दाब जवळजवळ दुप्पट भरतो, कारण मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात.

मग पाणी हलतं कशानं? एरिक क्रेमर आणि डेव्हिड मायर्स यांनी २०१२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये परासरणाबद्दलच्या पाच गैरसमजांवर लेख लिहिला, त्यात याचं उत्तर आहे. पटलाशी येणारे द्राव्याचे कण पटल मागे लोटतं. ते कण मागे जाताना भोवतालच्या पाण्यालाही आपल्याबरोबर रेटतात, आणि पलीकडचं पाणी आत येत राहतं. ‘परासरण म्हणजे पाण्याचं विसरण’ ही पुस्तकी व्याख्या दिशा ओळखायला उपयोगी पडते. पण कारण म्हणून ती अपुरी आहे, हेही त्याच लेखात दाखवलं आहे.

आता बाकीचे गैरसमज.

दोन्ही बाजू सारख्या झाल्या की रेणू थांबतात. थांबत नाहीत. जितके इकडून जातात तितकेच तिकडून येतात, म्हणून एकूण बदल दिसत नाही.

रससंकोच झालेली पेशी मेलेली असते. उलट, रससंकोच हा पेशी जिवंत असल्याचा पुरावा आहे. मेलेल्या पेशीत तो होतच नाही.

आकसलेल्या पेशीतल्या मोकळ्या जागेत हवा असते. तिथे बाहेरचं द्रावण असतं. पेशीभित्तिका मिठाला अडवत नाही.

बटाट्याच्या ऑस्मोमीटरमध्ये साल हेच पटल. साल पाण्याला अडवते, म्हणून ती आधी काढावी लागते. पटलाचं काम बटाट्याच्या जिवंत पेशी करतात. उकडलेला बटाटा इथे निरुपयोगी.

बीकरमध्ये पोटॅशियम परमँगनेटचा रंग पसरतो, ते परासरण. ते विसरण. मध्ये पटलच नाही.

सलाईन म्हणजे नुसतं शुद्ध पाणी. नेहमीच्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. नुसतं पाणी शिरेत सोडलं, तर तांबड्या पेशी फुगून फुटतील.

पाण्यात भिजून बोटं सुरकुततात, ते परासरण. मज्जातंतूला इजा झालेल्या बोटांना सुरकुत्या पडत नाहीत, हे १९३०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मज्जासंस्थेच्या हुकमानं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बोटं सुरकुततात.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. पुढच्या प्रात्यक्षिकाला रिओच्या सालीचे दोन तुकडे घ्या, एक ताजा आणि एक उकळलेला. त्याला वेगळं सामान लागत नाही, पाच मिनिटंही जास्त लागत नाहीत. दोन्ही मुलांना दाखवा आणि विचारा, दोन्हीकडे मीठ सारखंच असताना फरक कशामुळे पडला? ‘पटल’ हे उत्तर त्यांना स्वतः सापडू द्या. आणि ‘मिठानं ओढलं’ या उत्तराला गुण देणं आजपासून बंद करा.