लाकडी जमिनीवरील पारदर्शक रोगण

लाकडी जमिनीवरील पारदर्शक रोगण : लाकडाचा मूळ रंग व शिरा दिसू देऊन झीज, मळ व ओल यांपासून जमिनीचे रक्षण करणारा, रंगद्रव्यविरहित लेप. वाड्यातील तक्तपोशी, रंगमंच, बॅडमिंटनचे क्रीडांगण इ. ठिकाणी तो देतात. रोगणामुळे लाकडातील ओलीची ये-जा थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणून रोगणाच्या निवडीइतकेच ते देण्याच्या ऋतूलाही महत्त्व आहे.

लाकूड व हवामान : भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याच्या पानझडी जंगलांत साग, बिजा, ऐन इ. कठीण लाकडाचे वृक्ष आढळतात. येथे उन्हाळ्यात तापमान 45° से.च्या आसपास जाते, तर पावसाळ्यात हवा दमट असते. सु. 30° से. तापमानास सापेक्ष आर्द्रता 20% असेल, तर लाकडातील ओल कालांतराने सु. 4% वर स्थिरावते; आर्द्रता 80% असता ती सु. 15% होते. ही दोन टोके गाठली गेल्यास सागाची 10 सेंमी. रुंदीची फळी सु. 2 मिमी.ने कमीजास्त होऊ शकते. अशा हालचालीने जाड व ठिसूळ पटलास सांध्यांवर तडे जातात. रोगण सांध्यांत उतरून शेजारच्या फळ्या एकमेकींस चिकटल्यास आकुंचन एकाच ठिकाणी एकवटते व रुंद फट पडते. यासाठी चांगले वाळवलेले लाकूड घेऊन भिंतींलगत मोकळी जागा ठेवतात. रोगणकामास साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो.

प्रकार : (1) लाखेचे रोगण : पळस, कुसुम व बोर या वृक्षांवर लाखकीटक वाढतात. त्यांच्या लाखेपासून चपडा तयार करतात. गोंदिया हे या उद्योगाचे जुने केंद्र आहे. स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा थोड्याच वेळात वाळतो व सुंदर चकाकी देतो. परंतु साचलेल्या पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात आणि धुण्याच्या सोड्याने तो विरघळतो. म्हणून वर्दळीच्या जमिनीवर तो अखेरच्या थरापेक्षा अस्तर म्हणून अधिक उपयुक्त ठरतो. बिज्याच्या लाकडातील पाण्यात उतरणारा रंग त्यामुळे अडतो. वर पॉलियुरेथेन द्यावयाचे असल्यास मेणरहित चपडाच वापरावा लागतो.

(2) तेलाचे रोगण : जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. त्यात रेझीन मिसळून केलेले रोगण लवचिक असते. मात्र ते सावकाश वाळते व पिवळसर होत जाते. सागातील नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे ते वाळण्यास आणखी विलंब लागतो. त्यासाठी लेपापूर्वी पृष्ठभाग विद्रावकाने पुसतात.

(3) पॉलियुरेथेन : याच्या रसायनशास्त्राचा पाया ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत 1937 मध्ये घातला. याचे पटल घर्षणास व पाण्यास चांगले तोंड देते. ते तेलयुक्त, जलाधारित व दोन घटकांचे अशा रूपांत मिळते. दोन घटकांच्या रोगणातील आयसोसायनेट श्वसनमार्गास अपायकारक असते.

कृती : खिळे खाली ठोकून जमीन प्रथम जाड व नंतर क्रमाने बारीक काचकागदाने, शिरांच्या दिशेने घासतात. धूळ पूर्णपणे काढून पातळ थर देतात. थर वाळल्यावर हलके घासून दुसरा व तिसरा थर देतात. एकच जाड थर वरून वाळतो, पण आत मऊ राहून सुरकुततो. दमट हवेत लाखेचा लेप धुरकट होतो. कडक उन्हाळ्यात लेप लवकर ओढला जाऊन कुंचल्याचे वळ राहतात.

दक्षता व निगा : जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग ऑक्सिडीभवनाच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतो, त्यामुळे त्या सुट्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात. स्पिरिट व टर्पेंटाइनच्या वाफा ज्वालाग्राही असल्याने काम चालू असता दिवा वा विडी पेटवू नये, तसेच खोलीत हवा खेळती ठेवावी. वाळू व माती हे रोगणाचे मोठे शत्रू होत. जमीन रोज झाडावी, ओल्या फडक्याऐवजी पिळलेल्या फडक्याने पुसावी आणि लाकूड उघडे पडण्यापूर्वीच नवा थर द्यावा. उघड्या लाकडात मळ व ओल शिरल्यास संपूर्ण जमीन पुन्हा घासावी लागते व प्रत्येक घासणीत फळीची जाडी कमी होते.