दिल्लीतील कायदा आणि जिनिव्हातील करार

१ एप्रिल २०१३ रोजी नवी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एका औषधाच्या पेटंटसंबंधी निकाल दिला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिस या स्विस कंपनीला ग्लिव्हेक या औषधासाठी भारतीय पेटंट नाकारले. रक्ताच्या कर्करोगावरील हे औषध कंपनीकडून घेतल्यास महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये लागत. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळे. रुग्णांच्या दृष्टीने हा फरक उपचार चालू ठेवण्याचा किंवा थांबवण्याचा होता.

निकाल भारतीय कायद्यातील एका उपकलमावर आधारलेला होता. मात्र औषधाला पेटंट द्यावे की नाही, हा प्रश्न भारतीय न्यायालयापुढे आलाच कसा, याचे उत्तर दिल्लीत नव्हे, तर जिनिव्हात सापडते.

अनेक राष्ट्रांनी मिळून केलेले नियम एखाद्या राष्ट्राच्या संसदेवर कितपत बंधनकारक असतात, याची दोन टोके आहेत. एक टोक युरोपचे. डच सीमाशुल्काविरुद्ध एका वाहतूक कंपनीने केलेल्या दाव्यात लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १९६३ साली ठरवले, की युरोपीय करार हा केवळ सरकारांमधील करार नसून नागरिकालाही त्यातून थेट हक्क मिळतात. पुढच्याच वर्षी इटलीतील विजेच्या एका बिलावरून उद्भवलेल्या वादात, राष्ट्रीय कायदा युरोपीय कायद्याच्या आड आल्यास युरोपीय कायदाच श्रेष्ठ, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. याला राष्ट्रोपरी कायदा म्हणतात.

दुसरे टोक भारताचे. येथे आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी झाली म्हणून तो आपोआप देशाचा कायदा होत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार असा कायदा संसद संपूर्ण देशासाठी करू शकते. विषय राज्यसूचीतील असला तरीही. शेतीसारख्या राज्यांच्या विषयातही केंद्राच्या स्वाक्षरीला वजन येते ते या अनुच्छेदामुळे.

पेटीचा वाद

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट देणे बंद केले होते. पेटंट मिळे ते औषध बनवण्याच्या प्रक्रियेचे, आणि तेही मर्यादित काळासाठी. दुसऱ्या प्रक्रियेने तेच औषध तयार करण्यास भारतीय कारखान्यांना मुभा होती. मुंबई, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील औषध उद्योग याच कायद्याच्या आधाराने वाढला.

एप्रिल १९९४ मध्ये मराकेश येथे झालेल्या करारानंतर १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. बौद्धिक संपदेविषयीच्या करारानुसार औषधांनाही पेटंट देणे सदस्यांना भाग होते. भारताला यासाठी दहा वर्षांची मुदत मिळाली. पण मधल्या काळात येणारे अर्ज स्वीकारून जपून ठेवण्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून करायची होती. अर्जांच्या या साठ्याला ‘मेलबॉक्स’ म्हटले गेले.

सरकारने १९९४ च्या अखेरच्या दिवशी वटहुकूम काढला. तो मार्च १९९५ मध्ये संपला. त्याजागी आणलेले विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेले आणि १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. दरम्यान सरकारने पेटंट कार्यालयांना प्रशासकीय सूचना दिल्या होत्या, की अर्ज घेत राहा आणि बाजूला ठेवा. अमेरिकेने जिनिव्हात तक्रार केली. भारताचे म्हणणे असे, की सूचना पुरेशा आहेत आणि अर्ज प्रत्यक्ष येतही आहेत. परंतु या सूचनांचा मजकूर भारताने लवादापुढे कधीच ठेवला नाही. अपिलीय मंडळाने डिसेंबर १९९७ मध्ये नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. १९७० चा कायदा असे अर्ज तपासून फेटाळण्यास सांगत असताना केवळ कार्यालयीन सूचना त्या कायद्यावर मात कशी करणार, असा हा मुद्दा होता. गंमत अशी, की दिल्लीतील कोणत्याही न्यायालयात कार्यकारी आदेशाविरुद्ध हाच युक्तिवाद सहज मान्य झाला असता. भारताला भारतीय कायद्याचाच धडा जिनिव्हात ऐकावा लागला.

मार्च १९९९ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि ती १ जानेवारी १९९५ पासून लागू धरली. शेवटची मोठी दुरुस्ती २००५ ची. तिने औषधांना पेटंट देणे सुरू केले. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे त्याच वेळी कलम ३ (ड) कडक झाले. ज्ञात औषधाचे केवळ रूप बदलले आणि परिणामकारकता वाढली नाही, तर पेटंट नाही, असे हे कलम सांगते. नोव्हार्टिसचा १९९८ सालचा मेलबॉक्समधील अर्ज याच कलमावर अडला.

कंपनीने कलम ३ (ड) लाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. हे कलम जिनिव्हा कराराशी विसंगत आहे काय, हे ठरवणे आपले काम नाही, असे त्या न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये सांगितले. त्यासाठी व्यापार संघटनेची तंटा निवारण यंत्रणा आहे. तेथे मात्र कंपनीला जाता येत नाही. सरकारच जाऊ शकते. आजवर एकाही सरकारने या कलमाविरुद्ध तेथे तक्रार नेलेली नाही. रुग्णालाही जिनिव्हात जागा नाही. त्याचा हक्क भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात शोधावा लागतो.

करारातही सवलती आहेत. २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने सार्वजनिक आरोग्यासाठी सक्तीचा परवाना देण्याचा सदस्यांचा अधिकार स्पष्ट केला. मार्च २०१२ मध्ये मुंबईहून असा भारतातील पहिला परवाना हैदराबादच्या नॅटको कंपनीला मिळाला. बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधाची महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो परवाना कायम ठेवला.

विमानतळावर अडलेली औषधे

दुसऱ्यांच्या राष्ट्रोपरी कायद्याचा फटकाही भारताला बसला आहे. २००८ च्या अखेरीस भारतातून ब्राझीलला निघालेली रक्तदाबावरील औषधे ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर अडवण्यात आली. औषध भारतात वैध, ब्राझीलमध्येही वैध. पण वाटेतल्या नेदरलँड्समध्ये पेटंट होते आणि युरोपीय संघाचा २००३ चा नियम असा माल अडवण्यास मुभा देत होता. पुढील काळात अशी आणखी खेपा अडल्या. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील यांनी व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २०११ मध्ये भारत आणि युरोपीय संघात समझोता झाला आणि २०१३ मध्ये युरोपने जुना नियम बदलला.

महाराष्ट्राला यापुढे अधिक जवळचा वाटेल तो उसाचा वाद. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवरून जिनिव्हातील लवादाने डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध निकाल दिला. २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत ऊस उत्पादकांना दिलेले साहाय्य उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेले, असे त्यात म्हटले आहे. केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याच्या तोंडची ‘एफआरपी’, या हिशेबात धरली गेली. दर कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून काहीच जात नाही, हा भारताचा युक्तिवाद लवादाने मानला नाही.

जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. पण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखल्यामुळे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या अखेरच्या सदस्याचीही मुदत संपली होती. १९९७ मध्ये दिल्लीला कायदा बदलायला लावणाऱ्या मंडळापुढेच भारताचे अपील दाखल झाले, तेव्हा ते ऐकायला तेथे कोणीही नव्हते.